फिट म्हणजे नेमकं कशासाठी फिट?

लांबच्या आजारपणानंतर कामगार गेटवर येतो तेव्हा त्याच्या हातात एक कागद असतो. लेटरहेडवर एकच ओळ: हा रुग्ण अमुक तारखेपासून कामावर हजर होण्यास योग्य आहे. खाली सही, शिक्का. लिहिणाऱ्या डॉक्टरांचा काही दोष नाही. समोरचा माणूस गोव्यातल्या कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत पॅकिंगमध्ये दिवसभर खोके उचलतो, वेर्ण्याला बॉयलरपाशी उभा असतो की पणजीत खुर्चीवर बसून बिलं तपासतो, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. तिन्ही जण ‘फिट’, तिन्ही कागद सारखे. कारखान्याच्या आरोग्यकक्षात आमचं खरं काम या एका ओळीच्या पुढे सुरू होतं.

खरं तर ते त्याही आधी सुरू व्हायला हवं. रजा तीन आठवड्यांपलीकडे गेली की आरोग्यकक्षातून एक फोन जातो. तो हजेरी बघणाऱ्याने करायचा नाही, सिस्टरने करायचा. ‘कधी येताय?’ हा प्रश्न त्यात अजिबात नको. तो ऐकला की माणूस नोकरीच्या भीतीने आठवडाभर आधी येतो आणि पंधरवड्यात पुन्हा बिछान्याला खिळतो. ‘दादा, जेवण जातं ना? जिना चढता ना? बाजारातून पिशवी कोण आणतं?’ एवढंच विचारायचं. पिशवीच्या प्रश्नाला आम्ही फार मानतो. जो माणूस घरात पाच किलो तांदूळ उचलत नाही तो लाइनवर काय उचलणार, हे तिथेच कळतं. चालू असलेल्या गोळ्यांची नावं पाकिटावरून वाचून घ्यायची. त्यांचं काम पुढे येतं.

पगाराचं बोलणंही याच टप्प्यावर उरकावं. मासिक २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेला कामगार ईएसआयखाली, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेखाली येतो. साध्या आजारात वेतनाच्या ७० टक्के, वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस. क्षयरोगासारख्या ठरलेल्या दीर्घ आजारांत ८० टक्के, तेही बराच काळ. कामावर झालेल्या इजेत ९० टक्के. पण एक गोम आहे, आणि टप्प्याटप्प्याने परतण्याच्या बहुतेक योजना तिथेच अडतात: हा लाभ कामावर न आलेल्या दिवसांचाच मिळतो. माणूस चार तास जरी कामावर आला तरी त्या दिवसाचा लाभ गेला. म्हणजे अर्ध्या दिवसाच्या कामाला पूर्ण पगार द्यायचा की अर्धा, हे मालकालाच ठरवावं लागतं. अर्धा दिला तर घरी बसलेल्यापेक्षा कामावर आलेल्याच्या हातात कमी पैसे पडतात, मग तो पहिल्याच दिवशी ‘मला काही होत नाही, पूर्ण पाळी द्या’ म्हणतो. आमचं मत सरळ आहे: पहिले दोन आठवडे पूर्ण पगार द्यावा. ते परवडत नसेल तर टप्पे पाडण्याचं नाटक करू नये.

आता मोजमाप. हा भाग कंटाळवाणा वाटतो, म्हणून सगळे टाळतात. लागतं काय? मोजपट्टी, वजनकाटा, घड्याळ आणि लाइनवर उभं राहायला एक तास. कंबरदुखीनंतर परतणाऱ्या पॅकिंगच्या कामगाराचं उदाहरण घ्या. खोक्याचं वजन १५ किलो. ते लेबलवरून घ्यायचं नाही, काट्यावर ठेवून घ्यायचं, कारण लेबलवर बहुधा निव्वळ मालाचं वजन असतं. खोकं पॅलेटवर, म्हणजे माल रचायच्या लाकडी चौकटीवर, सर्वांत खालच्या थरात आहे, हात जमिनीपासून १५ सेंटीमीटरवर जातो. ते ठेवायचं तो कन्व्हेयर, म्हणजे सरकता पट्टा, ७५ सेंटीमीटर उंच. पॅलेटच्या कडेमुळे पाय पुढे सरकत नाहीत, म्हणून घोट्यांपासून हातांपर्यंतचं आडवं अंतर ५० सेंटीमीटर पडतं. मिनिटाला दोन खोकी, आठ तास.

अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेचं उचलीचं सूत्र यासाठी आम्ही वापरतो. ते २३ किलोपासून सुरू होतं आणि प्रत्येक अडचणीला गुणाकाराने कमी होत जातं. आडव्या अंतरासाठी २५ भागिले ५०, म्हणजे ०.५. हात खाली जातो त्यासाठी ०.८२. साठ सेंटीमीटर वर न्यायचं त्यासाठी ०.८९५. मिनिटाला दोनचा वेग आठ तास, त्यासाठी ०.६५. पकड चांगली आणि अंग वळवावं लागत नाही असं धरलं तरी सगळ्याचा गुणाकार येतो साडेपाच किलो. त्या जागी, त्या वेगाने साडेपाच किलोच योग्य, आणि तेसुद्धा धडधाकट माणसाला. प्रत्यक्षात तो पंधरा उचलत होता, जवळजवळ पावणेतीन पट. कंबर कशाने गेली, हे विचारायला मग कोणाकडे जावं लागत नाही.

तोच हिशेब उलटा करून बघा. भरलेल्या पॅलेटखाली दोन रिकामी पॅलेटं ठेवली की हात ४५ सेंटीमीटरवर येतो. पॅलेट भिंतीपासून सोडवून तिन्ही बाजूंनी जाता येईल असं ठेवलं की आडवं अंतर ३० वर येतं. आता उत्तर येतं ११ किलो. एक रुपया खर्च न होता मर्यादा दुप्पट झाली. परतणाऱ्या माणसाला आम्ही या आकड्याच्याही खाली ठेवतो: सुरुवातीला साडेसात किलोचं अर्धं खोकं, मिनिटाला एक. पावसाळ्यात अजून एक बघायचं. पुठ्ठा ओल धरतो, तळ नरम पडतो, आणि खोकं फुटेल या भीतीने माणूस कडेला न धरता तळाखाली हात घालायला आणखी वाकतो. जून ते सप्टेंबर खोकी जमिनीवर टेकवायचीच नाहीत, असा नियम करून टाकावा.

मोजमापात येण्याजाण्याचा रस्ता धरायला लोक विसरतात. गोव्याच्या वसाहतींत बांदा, सावंतवाडी, दोडामार्गहून रोज येणारे कामगार पुष्कळ आहेत. वेर्ण्यापर्यंत जाऊन येऊन तीन-चार तास बसमध्ये जातात. कंबरेच्या माणसाला ते तास कामाचेच आहेत. चार तासांचं काम आणि चार तासांचा प्रवास म्हणजे आठ तास झाले. दिवाडी बेटावरचा माणूस फेरीबोटीत उभा असतो, तिथून पुढे स्कूटर. आणि पावसाळ्यातल्या खड्ड्यांतली स्कूटर ही मणक्याच्या रुग्णाला खोक्यापेक्षा वाईट. पहिल्या महिन्यात कंपनीच्या बसमध्ये पुढची सीट राखून ठेवा. मागच्या चाकांच्या वरची तर मुळीच देऊ नका, सगळ्यांत जास्त हिसके तिथेच बसतात. दर पाऊण तासाने दोन मिनिटं उभं राहायला सांगा.

पहिला दिवस सोमवार नको. सोमवारी सगळ्या लाइनी तापलेल्या, सुपरवायझरला कुणाकडे बघायला वेळ नाही. बुधवारी सुरुवात केली की चार दिवसांत रविवार येतो. पहिले चार दिवस चार तास, पुढचा आठवडा सहा तास, तिसऱ्या आठवड्यात आठ तास पण वजनाची मर्यादा कायम. चौथ्या आठवड्यात वजन हळूहळू वाढवायचं. ओव्हरटाइम आणि रात्रपाळी सहा आठवडे बंद. पायरी चढायची की नाही हे ठरवायला एक साधा निकष पुरतो: काम करताना दुखणं दहापैकी एक-दोन गुणांनी वाढलं आणि दुसऱ्या सकाळी जागेवर आलं, तर पुढे चला. चोवीस तासांनंतरही वाढलेलंच असेल तर एक पायरी मागे. पूर्ण थांबायचं नाही, मागे यायचं. हे कामगाराला आधीच सांगितलेलं असलं की दुखलं म्हणून तो घाबरत नाही आणि दुखलं तरी लपवत नाही.

गोव्यात उष्मा हे वेगळं प्रकरण आहे. उन्हात न काम करणाऱ्यालाही ते लागू आहे. एप्रिल-मेमध्ये आर्द्रता इतकी की घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. उष्णतेची सवय शरीराला हळूहळू लागते, जाते मात्र लवकर. आठवडाभर कामापासून लांब राहिलं की ती ओसरायला लागते. म्हणून बॉयलर, ड्रायर, लाँड्री, हॉटेलचं स्वयंपाकघर अशा ठिकाणी परतणाऱ्या अनुभवी माणसाला पहिल्या दिवशी उष्णतेत नेहमीच्या निम्माच वेळ ठेवायचं, दुसऱ्या दिवशी ६० टक्के, तिसऱ्या दिवशी ८०, चौथ्या दिवशी पूर्ण. आजारातून उठलेल्याला याहून सावकाश. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, गावी जाऊन दहा दिवसांनी परतलेल्या ठणठणीत माणसालाही हेच लागू होतं, आणि त्याच्या बाबतीत कोणाच्या ते डोक्यातही येत नाही. पाणी दर पंधरा-वीस मिनिटांनी एक पेला, साधारण २५० मिलिलिटर, पण तासाला दीड लिटरच्या वर नाही. सकाळी दहाची पेज, मीठ आणि लोणचं हा घाम गाळणाऱ्याला उत्तम आहार, पण रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या रुग्णाने लोणच्याकडे बघू नये. एकाच टेबलावर दोघे बसतात, म्हणून कँटीनवाल्या मामांना हे नावानिशी नव्हे, टेबलानिशी सांगून ठेवायचं: मीठ वेगळ्या वाटीत द्या, पेजेत घालू नका.

गोळ्यांची नावं आधी का घेतली ते इथे लागतं. रक्तदाबाची ‘पाण्याची गोळी’ शरीरातलं पाणी काढते. बीटा ब्लॉकर ही रक्तदाब-हृदयाची गोळी हृदयाचे ठोके वाढू देत नाही, त्यामुळे उष्णतेत रक्त त्वचेकडे पुरेसं जात नाही. सर्दीच्या काही गोळ्या घामच कमी करतात. आणि लिथियम. मनाच्या आजारात ते चालू असलेल्या माणसाचं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं. हात थरथरणं, तोल जाणं, उलट्या ही खूण असते, आणि मे महिन्यात ती ‘ऊन लागलं’ या नावाखाली सहज दडते. अशा माणसाला उष्ण विभागात परत नेण्याआधी त्याच्या डॉक्टरांशी बोलायचंच. दारू सुटावी म्हणून डायसल्फिराम (अल्कोहोल अंगात गेलं की त्रास देणारं औषध) घेणाऱ्याचीही एक जागा चुकते: हात निर्जंतुक करायचा सॅनिटायझर. त्यात इथेनॉल, म्हणजे अल्कोहोल, असेल तर काहींना तोंड लाल होणं, धडधड असा त्रास होतो. बाटलीवर वाचा आणि त्याच्यापुरता साबण-पाण्याचा पर्याय विभागप्रमुखाकडून लिहून घ्या. नाहीतर औषध कारखान्यात हात न चोळता आत जाणारा माणूस दाराशीच अडवला जातो आणि सगळ्यांसमोर कारण विचारलं जातं.

क्षयरोगातून परतणाऱ्याचं वैद्यकीय काम त्यामानाने सोपं असतं, अवघड असतं ते कँटीनचं. औषधाला दाद देणाऱ्या फुप्फुसाच्या क्षयात योग्य उपचार सुरू झाल्यावर साधारण दोन आठवड्यांत संसर्ग पसरण्याची शक्यता खूपच कमी होते. उपचार मात्र सहा महिने. तो परतायच्या आधी त्याच्या डॉक्टरांकडून संसर्गाबद्दल स्पष्ट लेखी घ्यायचं आणि ते आरोग्यकक्षातच ठेवायचं. क्षय हवेतून पसरतो, पेल्यातून नाही. तरीही कोणीतरी त्याचा पेला वेगळा ठेवतं, आणि तो वेगळा ठेवलेला पेलाच बातमी सगळीकडे नेतो. रिफॅम्पिसिन या क्षयाच्या औषधामुळे लघवी नारिंगी होते, घामालाही रंग येतो. शौचालयात शेजारी उभ्या असलेल्याच्या नजरेतून ते सुटत नाही. कामगाराला हे आधी सांगा, म्हणजे तो स्वतः घाबरणार नाही आणि कोणी विचारलं तर ‘गोळीचा रंग आहे’ एवढंच म्हणेल. गोळ्या रिकाम्या पोटी घ्यायच्या असतील तर पहिल्या पाळीची नाश्त्याची वेळ तासभर पुढे ढकलता येते का ते बघा. वजन दर महिन्याला घ्या, कारण वजन वाढत नसेल तर काहीतरी चुकतंय.

हृदयाच्या रुग्णाबद्दल थोडक्यात. स्टेंट घातला आणि हृदयाची ताकद शाबूत असेल तर टेबलाचं काम एक-दोन आठवड्यांत जमतं. अंगमेहनतीच्या कामाला ट्रेडमिल चाचणीशिवाय सोडायचं नाही. आठ तास सलग चालणारं काम माणसाच्या कमाल क्षमतेच्या साधारण एक तृतीयांशात बसलं पाहिजे. ते कसं मोजायचं हे त्याच्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारा, आणि विचारताना कामाचं वर्णन आकड्यांत पाठवा. ‘हेल्पर आहे’ असं लिहून पाठवलं तर उत्तरही तितकंच पोकळ येतं.

बाळंतपणानंतर परतणारी बाई आजारी नसते, पण तिच्याबाबत कारखाने सगळ्यांत कमी तयारी करतात. २६ आठवड्यांची रजा संपते तेव्हा दूध चालूच असतं. दर तीन तासांनी पंधरा-वीस मिनिटं, एक आतून कडी लागणारी खोली, एक खुर्ची, प्लग आणि हात धुवायला पाणी. शौचालय ही ती खोली नव्हे. बाहेर काढलेलं दूध साधारण २५ अंशांत चार तास टिकतं. आपल्याकडे खोलीचं तापमान वर्षातले बरेच महिने त्याच्या वरच असतं, म्हणून थेट फ्रिजमध्ये. तिथे ते चार दिवस चालतं. फ्रिज लसींचा किंवा रसायनांच्या नमुन्यांचा नको, वेगळा हवा. लहानसा पुरतो. वेळ चुकली तर छाती दगडासारखी होते, ताप येतो, आणि मग एक दिवसाऐवजी आठवड्याची रजा. ‘ताई, ब्रेकला जाऊन या’ हे सुपरवायझरने स्वतःहून म्हणायला शिकावं. त्या बाईला लाइन थांबवून परवानगी मागायला लावू नये.

मनाच्या आजारातून परतताना पहिल्या आठवड्यांत औषधांनी सुस्ती असते. फोर्कलिफ्ट, शिडी, फिरती यंत्रं तोवर नकोत. सकाळची सातची पाळी बहुधा जमत नाही, कारण रात्रीची गोळी सकाळीही डोळ्यांवर असते. नऊची जनरल शिफ्ट द्यावी. काम कमी करताना अर्थ नसलेलं काम देऊ नये. जुन्या फायली लावत बसवलेला माणूस घरी जाऊन आणखी खचतो. त्याचंच काम द्यावं, कमी प्रमाणात. रात्री-अपरात्री बोलायला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो. तो फलकावर सर्वांसाठी लावा, म्हणजे एकट्याच्या हातात चिठ्ठी कोंबावी लागत नाही.

हे सगळं मोजून झालं की सुपरवायझरच्या हाती एक कागद जातो, अर्ध्या पानाचा. त्यावर आजाराचं नाव नसतं. असतं ते एवढं: उचल साडेसात किलोपर्यंत, गुडघ्याखालून उचल नाही, सलग उभं राहणं ४५ मिनिटं, रोज सहा तास, रात्रपाळी नाही, पुढची तपासणी अमुक तारखेला, शंका आल्यास आरोग्यकक्षाचा अंतर्गत नंबर. तपासणीची तारीख नसलेला कागद आम्ही देत नाही. ‘लाइट ड्युटी’ हा शब्दही लिहीत नाही. तो लिहिला की एक सुपरवायझर माणसाला झाडू देतो आणि दुसरा नेहमीचंच काम देतो.

इतकं करूनही बिघडतं, आणि ते जवळजवळ ठरलेल्या जागी. कागद पहिल्या पाळीच्या सुपरवायझरला दिलेला असतो, कामगार दुसऱ्या पाळीला जातो. म्हणून प्रती तीन काढायच्या, एक लाइनवरच्या बोर्डामागे लावायची. दुसरी जागा म्हणजे गैरहजेरी: शेजारचा आला नाही की ‘आजच्या दिवस जरा सांभाळून घे’ म्हणत सगळ्यात जड यंत्रावर यालाच उभं करतात. चवथीच्या आधीच्या पंधरवड्यात माल काढायची घाई असते तेव्हा हे रोज होतं. त्या दिवसांत परतीची तारीख शक्यतो ठेवूच नये. तिसरी जागा तिसरा आठवडा. माणसाला बरं वाटू लागतं, आणि सहकाऱ्यांच्या ‘हा बसून पगार खातो’ या बोलण्याला उत्तर म्हणून तो एका दुपारी चाळीस खोकी उचलून दाखवतो. ते बोलणं थांबवण्याचा आम्हाला सापडलेला एकच उपाय: त्याचं कमी झालेलं काम सहकाऱ्यांच्या माथी न मारता लाइनचं लक्ष्यच त्या सहा आठवड्यांपुरतं कमी करून बोर्डावर लिहायचं. कंत्राटी कामगारांबाबत हे सर्वांत अवघड जातं, कारण कंत्राटदार कागद घेतो आणि दुसऱ्या दिवशी दुसराच माणूस पाठवतो. परत घेण्याची अट कंत्राटातच लिहिलेली नसेल तर आरोग्यकक्षाच्या हातात काही राहत नाही.

बेचाळिसाव्या दिवशी पुन्हा मोजपट्टी घेऊन लाइनवर जायचं. त्याची उचल बघायची, खोकं पुन्हा काट्यावर ठेवायचं, सुट्टीनंतरच्या दोन सकाळी कशा गेल्या ते विचारायचं, आणि मर्यादा उठल्याची तारीख त्याच अर्ध्या पानावर लिहून त्याची सही घ्यायची. पॅलेटखालची दोन रिकामी पॅलेटं मात्र परत नेऊ द्यायची नाहीत. गोडाऊनवाला ती मागायला येतोच.